विंडोज आणि लिनक्स एकाच लॅपटॉपवर: फायली वाटून घेताना या चुका टाळा

पुण्यात इंजिनीअरिंगच्या सबमिशनचे दिवस आले की एक तक्रार हमखास ऐकू येते. काल विंडोजमध्ये सेव्ह केलेला रिपोर्ट आज उबुंटूत (लिनक्सच्या एका लोकप्रिय प्रकारात) उघडतो, पण त्यात बदल केले तर सेव्ह होत नाहीत. ड्राइव्ह 'रीड-ओन्ली' असल्याचं कळतं. मग कुणी परवानग्या बदलत बसतं, कुणी ड्राइव्ह जबरदस्तीने माउंट करतं, म्हणजे सिस्टिमला जोडतं, आणि डेटा घालवतं. दोष परवानग्यांचा नसतो. विंडोज मुळात पूर्ण बंदच झालेलं नसतं.

शट डाउन म्हणजे बंद, असं धरून चालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आहे. शट डाउन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मेमरीत जसा होता तसा डिस्कवरच्या एका फायलीत लिहून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. त्या कर्नलच्या हिशेबी ड्राइव्ह अजून उघडाच असतो. कुठली फाइल कुठे आहे आणि कुठे जागा मोकळी आहे, ही माहिती त्याच्या आठवणीत असते. मधल्या वेळात लिनक्सने त्या ड्राइव्हवर काही लिहिलं, तर परत आलेलं विंडोज जुन्याच माहितीवर विसंबून काम करतं. फायली गायब होतात, फोल्डर उघडेनासे होतात.

विंडोज ड्राइव्हवर फायली ज्या पद्धतीने मांडतं तिला एनटीएफएस म्हणतात. म्हणून ती वाचणारा लिनक्सचा एनटीएफएस-३जी ड्रायव्हर असा ड्राइव्ह फक्त वाचायला देतो. लिनक्स कर्नल ५.१५ मध्ये, म्हणजे २०२१ साली आलेला एनटीएफएस३ ड्रायव्हर तर ड्राइव्हवर 'डर्टी' (नीट बंद न झाल्याची) खूण दिसली की लिहिण्यासाठी माउंट करायलाच नकार देतो. हा अडथळा तुमच्या फायलींच्या भल्यासाठी आहे. नेटवर सुचवलेला 'फोर्स' पर्याय वापरून तो ओलांडू नका.

खरा उपाय विंडोजमध्येच आहे. कंट्रोल पॅनेल उघडा, पॉवर ऑप्शन्समध्ये 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' निवडा, वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' या ओळीवर क्लिक करा आणि खाली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'समोरची खूण काढून सेव्ह करा. विंडोजचं मोठं अपडेट झालं की हे एकदा तपासून घ्या. सेटिंग बदलायचं नसेल, तर लिनक्सकडे जाताना शट डाउनऐवजी रीस्टार्ट वापरा. रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं तरी तेच होतं.

ड्राइव्ह आधीच 'डर्टी' झाला असेल, तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून त्या ड्राइव्हवर 'चेकडिस्क' ही तपासणी-दुरुस्तीची कमांड एफ पर्यायासह चालवा आणि मग रीस्टार्ट करा. लिनक्समधलं 'एनटीएफएसफिक्स' किरकोळ दुरुस्ती करतं आणि डी पर्याय दिला तरच 'डर्टी' खूण पुसतं. ते चेकडिस्कची जागा घेऊ शकत नाही.

उलट बाजूही तितकीच धोक्याची. लिनक्स हायबरनेट करून (मेमरी डिस्कवर लिहून मशीन बंद करून) विंडोज सुरू केलं आणि त्याच ड्राइव्हवर लिहिलं, तर परिणाम तोच.

सी ड्राइव्हलाच सामायिक फोल्डर करणं

देवाणघेवाणीसाठी वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा स्वतंत्र भाग, ठेवा. जागा काढायची असेल तर सी ड्राइव्ह विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच लहान करा, आणि त्याआधी बॅकअप घ्या. पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून दुसरी एसएसडी आणून लॅपटॉपच्या रिकाम्या स्लॉटमध्ये बसवली तर आणखी चांगलं.

फॉरमॅट कोणता? फॅट३२ नको, त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट दोन्हीकडे चालतं, पण त्यात जर्नल (होणाऱ्या बदलांची आगाऊ नोंद) नसतं. पावसाळ्यात किंवा गुरुवारी लाइट गेली आणि डेस्कटॉप मध्येच बंद पडला, तर फाइल-सिस्टिमची नोंद अर्धवट राहू शकते. आतल्या पार्टिशनसाठी एनटीएफएसच घ्या, एक्सफॅट पेनड्राइव्हला ठेवा. ईएक्सटी४ हा लिनक्सचा नेहमीचा फॉरमॅट विंडोजला स्वतःहून वाचता येत नाही. कधी 'ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का?' असं विंडोजने विचारलं, तर आधी कॅन्सल दाबा.

रोज क्लिक करून माउंट करणं

फाइल मॅनेजरमध्ये क्लिक करेपर्यंत ड्राइव्ह जागेवर नसतो. त्यावर डाउनलोड किंवा सिंकचं फोल्डर ठेवलं असेल, तर ते प्रोग्रॅम सुरुवातीलाच अडतात. त्यासाठी ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅब फायलीत कायमची ओळ घाला. ड्राइव्हचं नाव एसडीए, एसडीबी असं लिहू नका, ते बदलू शकतं. 'ब्लकआयडी' कमांडने मिळणारा यूयूआयडी, म्हणजे ड्राइव्हचा न बदलणारा ओळख-क्रमांक, लिहा. प्रकार एनटीएफएस-३जी, आणि पर्यायांत यूआयडी व जीआयडी (वापरकर्त्याचा आणि त्याच्या गटाचा क्रमांक) १०००, विंडोज_नेम्स आणि नोफेल. एकच वापरकर्ता असलेल्या उबुंटूत १००० हा क्रमांक सहसा तुमचाच असतो. नोफेल विसरलात आणि ड्राइव्ह सापडला नाही, तर लिनक्स बराच वेळ थांबून इमर्जन्सी मोडमध्ये जातं. रीबूट करण्याआधी 'सुडो माउंट -ए' चालवून ओळ तपासा.

विंडोज_नेम्स कशाला? लिनक्समध्ये नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह चालतं, विंडोजमध्ये चालत नाही. हा पर्याय अशी नावं तयारच होऊ देत नाही. मराठी नावांची आणखी एक अडचण आहे. ईएक्सटी४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट असते आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं धरून जेमतेम ८५ चिन्हं. एनटीएफएसमध्ये २५५ चिन्हांपर्यंत चालतं. त्यामुळे विंडोजमध्ये नीट असलेली लांब नावाची फाइल लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये कॉपी होत नाही. नाव छोटं केलं की काम होतं.

बिटलॉकर आणि वनड्राइव्हकडे दुर्लक्ष

नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ चं डिव्हाइस एन्क्रिप्शन (बिटलॉकरने ड्राइव्ह कुलूपबंद करणारी सोय) बऱ्याचदा आधीपासूनच चालू असतं. अशा वेळी लिनक्स ड्राइव्ह उघडताना ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. बूटची सेटिंग्ज बदलण्याआधीच ती की उतरवून ठेवा, कारण नंतर विंडोजही तीच मागू शकतं. वनड्राइव्हमध्ये ढगाची खूण असलेल्या फायली डिस्कवर नसतातच, त्यामुळे लिनक्समध्ये त्या उघडणार नाहीत. आधी विंडोजमध्ये 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा.

साडेपाच तासांचा फरक

विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. भारतात हा फरक ५ तास ३० मिनिटांचा. लिनक्सनंतर विंडोज उघडलं की घड्याळ मागे, विंडोजनंतर लिनक्स उघडलं की पुढे. इंटरनेट मिळालं की वेळ सुधारते, पण तोवर सेव्ह केलेल्या फायलींवर चुकीची वेळ पडते, आणि वेळ पाहून 'नवीन' फाइल ठरवणारा सिंक प्रोग्रॅम जुनी प्रत नव्यावर चढवू शकतो. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' कमांडला सेट-लोकल-आरटीसी हा पर्याय आणि पुढे १ द्या. याबद्दल ही कमांड जो इशारा देते, तो मुख्यतः उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ पुढेमागे करणाऱ्या देशांसाठी आहे, भारतात ती अडचण येत नाही.