लाइन गेली की कॉम्प्युटरचं घड्याळ मागे? असं तपासा

गावाकडच्या सेतू केंद्रात लाइन जाऊन आली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि ब्राउझर सरकारी साइट 'सुरक्षित नाही' म्हणून अडवतो. दोष बहुतेक वेळा मदरबोर्डवरच्या (कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डावरच्या), वीज नसताना घड्याळ चालू ठेवणाऱ्या सेलचा असतो, इंटरनेटचा नाही.

सेल सीआर २०३२, ३ व्होल्टचा. मल्टिमीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदला. प्लग काढा, पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरा, बाजूची क्लिप हलकेच सरकवा; सेल आपोआप वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. मग बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख-वेळ भरा.

तारीख बरोबर, पण वेळ तासांनी चुकते? मग टाइम झोन पाहा: यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) +०५:३० हवा. विंडोजच्या तारीख-वेळ सेटिंगमधलं 'सिंक नाऊ' दाबूनही वेळ जुळत नसेल तर आधी हाताने जवळपासची वेळ लावा. फरक १५ तासांपेक्षा जास्त असला की विंडोज एरवी दुरुस्ती नाकारते.

नेमका साडेपाच तासांचा फरक, आणि त्याच मशीनवर विंडोजसोबत लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही आहे? मग सेलला हात लावू नका. लिनक्स हार्डवेअर घड्याळात यूटीसी लिहितं, विंडोज स्थानिक वेळ धरतं. लिनक्सलाच स्थानिक वेळ धरायला सांगा.