पाळी लांबली? ‘यायची गोळी’ मागण्याआधी या चुका टाळा

लालबागमध्ये आमचं मेडिकल आहे. गणपतीच्या आधी बायका येतात त्या पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांसाठी, आणि विसर्जन झालं की त्यांच्यातल्याच काही जणी पुन्हा येतात. दुकानात पुरुष गिऱ्हाईक नाही ना ते बघतात आणि हळूच म्हणतात, “ताई, अजून आली नाही. यायची गोळी द्या ना.” मी फार्मासिस्ट, डॉक्टर नाही. तरी गोळीआधी मी तारीख विचारते, कारण पहिली चूक बहुतेक तिथेच असते.

परवा एकीने मोबाइलमधला कालनिर्णयचा फोटो दाखवला. 5 जुलैभोवती पेनाने गोल, बाजूला सिलिंडर लावल्याची नोंद. “आज 9 ऑगस्ट. चार दिवस वर गेले!” बोटांवर मोजलं, 35 दिवस भरले होते. पाळी तारखेवर येत नाही. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत दिवस मोजायचे. ते 21 ते 35 असतील तर साधारण ठीक, आणि त्यात दर महिन्याला थोडं मागेपुढे होतंच. मोबाइलमधलं ॲपसुद्धा सरासरी काढून अंदाजच सांगतं.

दुसरी चूक म्हणजे पाळी आत कुठेतरी ‘अडकली’ असं समजणं. मग पपई, तीळगूळ, ओव्याचा काढा सुरू होतो. खायला हरकत नाही, पण अडकलेलं काही नसतंच. अंडाशयातून बीज बाहेर पडलं की साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. लांबतं ते बहुतेक वेळा बीज बाहेर पडणं. त्यामुळे कारण या आठवड्यात शोधू नका, तीन-चार आठवडे मागे जा. तेव्हा ताप आला होता का, परीक्षा होती का, नाइट शिफ्ट लागली होती का, डाएट करून वजन झपाट्याने उतरलं का? विरारहून रोज पहाटेची लोकल पकडणारी एक मुलगी मला म्हणाली होती, “टेन्शन तर गेल्या महिन्यात होतं, आता काय त्याचं!” त्याचंच होतं.

टेस्टच्या बाबतीत तर चुकांची रांगच लागते. “आम्ही काळजी घेतली होती,” म्हणून टेस्ट टाळू नका. शरीरसंबंध आला असेल तर आधी टेस्ट, मग बाकी सगळं. पाळीची तारीख उलटायच्या आत केलेली टेस्ट खोटा दिलासा देऊ शकते. सकाळची पहिली लघवी घ्या आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच निकाल वाचा. त्या वेळेत फिकट का होईना दुसरी रेघ आली, तर दिवस गेलेत असंच धरा. दुपारी कचऱ्याच्या डब्यातून काढून पाहिलेल्या रेघेवर मात्र विसंबू नका. निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. तारखांचा पत्ताच नसेल तर शेवटच्या संबंधानंतर 21 दिवसांनी करा. संबंधानंतर दिवस राहू नयेत म्हणून 72 तासांच्या आत घ्यायची गोळी घेतली असेल तर पाळी थोडी अलीकडे-पलीकडे होते; आठवड्याहून जास्त लांबली तर टेस्ट कराच.

आता ती ‘यायची गोळी’. हार्मोनची गोळी थांबवल्यावर रक्तस्राव होतो, पण थायरॉइड, पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा बिघाड) किंवा वाढलेलं प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) हे मूळ कारण जिथल्या तिथे राहतं. त्या गोळीला डॉक्टरांची चिठ्ठी लागते ती उगाच नाही. पुढे ढकलायची गोळी बंद केल्यावर पाळी यायलाही दोन-तीन दिवस लागतात, कुणाला जास्त. आणि ती गोळी गर्भनिरोधक नाही, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं.

ॲसिडिटीसाठी रोज सकाळी कॅप्सूल घेत असाल तर तिचं पाकीट उलटून वाचा. त्यात डॉमपेरिडॉन हे मळमळीवरचं औषध असेल तर त्याने प्रोलॅक्टिन वाढून पाळी लांबू शकते. डॉक्टरांना ‘कुठलंच औषध चालू नाही’ सांगताना या कॅप्सूलला कुणी औषधात धरत नाही!

चाळिशीनंतर पाळी पुढेमागे होते ते खरं, पण सलग 12 महिने बंद राहिल्याशिवाय ‘गेली’ म्हणू नका. तोवर दिवस जाऊ शकतात.

टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर गर्भपाताच्या गोळ्या परस्पर मागवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो सुटत नाही आणि नळी फुटू शकते. कायदेशीर गर्भपाताला लग्नाची अट नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अविवाहित स्त्रियांचा हक्क मान्य केला आहे. केईएमसारखी सरकारी-पालिकेची रुग्णालयं मुंबईत आहेत, तिथे सरळ जा.

टेस्ट निगेटिव्ह आणि तीन महिने पाळी नाही, तर गायनॅककडे जा. सोबत तारखा आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या. पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली किंवा खांद्यात कळ आली, तर टेस्ट काहीही सांगो, सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा.