चौदा कोरचा मोह

सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापन केलेल्या आणि आज विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा जिथे भरते त्या बडोद्याच्या कलाभवनात मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा डिझाइनच्या कामासाठी घेतलेल्या पहिल्या संगणकाची खंत अजून पुरती गेलेली नाही. हाताशी ४५ हजार रुपये होते, आणि सल्ला देणारे मात्र दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात घरटी एक होते.

मी भुललो तो जुन्या सर्व्हरमधून उतरवलेल्या झिऑन ई५-२६८० व्ही४ या प्रोसेसरला. १४ कोर (एकाच चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), २८ थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे) आणि किंमत नव्या आय-५ पेक्षाही कमी. शिवाय व्हिडिओंतले रेंडरिंगचे, म्हणजे मॉडेलचे हुबेहूब चित्र काढण्याचे, आकडे डोळे दिपवणारे होते. दुकानदार ‘चालशे’ म्हणाला आणि मी पैसे मोजले.

पहिल्याच आठवड्यात प्रोजेक्टच्या गिअरबॉक्समधील एका चाकाच्या दातांची संख्या बदलली आणि ४१ सेकंद पडद्यावरचे फिरते चक्र पाहत बसलो. प्रोसेसर किती राबतो ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला, तर थ्रेडच्या २८ चौकटींपैकी एकीतलीच रेघ माथ्याला टेकलेली, बाकीच्या जवळजवळ आडव्या, आणि एकूण वापर ४ टक्के! सॉलिडवर्क्ससारख्या डिझाइनच्या प्रणालीत फीचर ट्री, म्हणजे मॉडेल रचण्याच्या पायऱ्यांची यादी, वरून खाली क्रमानेच सोडवला जातो: खाच आधीच्या ठोकळ्यावर अवलंबून, फिलेट (कडेची गोलाई) त्या खाचेच्या कडेवर, आणि पॅटर्न (त्याच आकाराच्या ओळीने प्रती) त्या फिलेटवर. मागचे गणित सुटल्याशिवाय पुढचे मांडताच येत नाही. डाळ शिजून पुरण वाटले गेल्याशिवाय चौदा आचारी मिळूनही पुरणपोळी लाटू शकत नाहीत, तसेच हे आहे. रेंडरिंग आणि काही प्रकारचे सिम्युलेशन अनेक कोरांत वाटले जाते हे खरे. पण विद्यार्थ्याचा बहुतेक वेळ मॉडेल रचण्यात आणि मोडून पुन्हा रचण्यात जातो, आणि तिथे एका कोरचा वेगच कामी येतो. माझ्या झिऑनचा कोर फार तर ३.३ गिगाहर्ट्झ गाठत असे. आय ५-१२४०० ४.४ पर्यंत जातो, आणि नव्या रचनेमुळे प्रत्येक ठोक्यात कामही अधिक उरकतो. त्यातून विंडोज ११ च्या अधिकृत यादीत माझा प्रोसेसर नव्हताच.

तरीही घाबरून जाऊ नका. सहा वेगवान कोर असलेला साधा प्रोसेसर पदवीच्या कामाला पुरून उरतो. मात्र ज्याच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे तो घेतला तर आतील ग्राफिक्स मिळत नाही, हे पावती फाडण्यापूर्वी पाहावे. रॅम १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८-८ च्या दोन घ्याव्यात, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधले दोन्ही मार्ग वापरले जातात. पुढे ३२ करण्याचा विचार असेल तर चार खाचांचा मदरबोर्ड हवा. फाइली साठवायला वेगवान एनव्हीएमई एसएसडीच घ्यावी, त्यावर वाद नको. संगणकाला वीज पुरवणारा एसएमपीएस मात्र कॅबिनेटसोबत फुकट मिळतो म्हणून घेणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही.

ग्राफिक्स कार्डाबाबत मत विचारायचे ते खेळ खेळणाऱ्या मावसभावाला नव्हे. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका ड्रॉइंग ऑफिसात काम करणारे शेजारचे काका मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “अरे, आधी तुझी फाइल तर उघडून बघ.” मला ते जुन्या वळणाचे वाटले. पुढे त्यांच्याच ऑफिसात दोन जीबीच्या छोट्या क्वाड्रो या डिझाइनच्या कामासाठीच्या ग्राफिक्स कार्डावर शेकडो भागांची जोडणी सुरळीत फिरताना मी पाहिली. त्या कार्डाला वेगळी वीजजोडणीसुद्धा लागत नव्हती.

तेव्हा आपली सर्वांत जड फाइल पेन ड्राइव्हवर घ्यावी, आपण घेऊ पाहतो तो प्रोसेसर ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी जावे, कंट्रोल आणि क्यू एकत्र दाबून संपूर्ण मॉडेल नव्याने रचायला लावावे आणि घड्याळ पाहावे. माझा तोच गिअरबॉक्स मित्राच्या आय ५-१२४०० वर २३ सेकंदांत उभा राहिला.