खपली पेरताय? युरियाचा हात आखडता घ्या

दिवाळी उरकली, सोयाबीनचं रान मोकळं झालं, की कृष्णाकाठी विचारणा सुरू होते: खपली गव्हाचं बी मिळेल का? मिळालं तर आधी मुठीत घेऊन बघा. दाणा टरफलातच हवा. मळणी करूनही या गव्हाचं टरफल सुटत नाही, आणि पेरायचंही टरफलासकटच. कांडलेला दाणा बियाण्याला नको. कांडताना अंकुराला मार बसतो.

जुनी गावरान खपली छातीएवढी वाढते आणि ओंबी भरली की वाऱ्यात लोळते. पाण्याची सोय असेल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची एमएसीएस २९७१ किंवा धारवाड कृषी विद्यापीठाची डीडीके १०२९ घ्या. ठेंगण्या ताटाची खपली सहसा लोळत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, वाफसा बघून, नऊ इंचांवर पेरा. एकरी ४० किलो बी पुरतं. दोन इंचांपेक्षा खोल टाकू नका.

आता खताचं. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. सरबती गव्हाला जेवढं नत्र देता त्याच्या निम्म्यावर खपली भागते. पेरताना अर्धं पोतं डीएपी आणि अर्धी गोणी युरिया; उरलेली अर्धी गोणी खुरपणी करून, २१ दिवसांच्या पाण्याबरोबर. बस्स. शेजाऱ्याचा गहू काळाभोर दिसला म्हणून मध्येच आणखी युरिया फेकाल, तर ठेंगणी जातही आडवी होईल.

पाणी कमी असेल तर असं बसवा: एकच पाळी मिळणार असेल तर ४०-४२ दिवसांनी. दोन असतील तर २०-२२ आणि ६०-६५ दिवसांनी. तीन मिळाल्या तर तिन्ही वेळा.

तांबेरा रोगाची धास्ती इतर गव्हांपेक्षा कमी. अमेरिकेत मिनेसोटाच्या शास्त्रज्ञांनी १९२२ साली खोडावरच्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखायला बारा गहू निवडले होते, त्यात आपली खपली याच नावाने होती! तरी पानांवर नजर असू द्या.

विक्रीचा भाव ठरवताना एक गोष्ट आधी विचारा: भाव टरफलासकटचा की कांडलेल्याचा? कांडपात वजनाचा साधारण पाव भाग टरफलात जातो, त्यामुळे दोन्ही भाव एका तराजूत तोलू नका. घरी ठेवायची असेल तर टरफलातच ठेवा, किडीचा त्रास कमी. लागेल तेवढीच कांडून आणा. खीर, पुरणपोळी, शेवया, लापशी, सगळ्याला चालते. मात्र गिऱ्हाइकाला 'यात ग्लुटेन नाही' असं सांगून विकू नका. ग्लुटेन आहे, आणि सिलिॲक (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असलेल्या माणसाला हा गहूही चालत नाही.

कांडपवाल्याला यंत्र हलक्या हाताने चालवायला सांगा. तरी थोडी कणी पडतेच. ती चाळून वेगळी घ्या, खिरीला तीच लवकर शिजते.