चावीच्या १६ मि.मी. कॅमेऱ्यावर टेस्ट रोल कसा काढावा

१६ मि.मी. फिल्मच्या एका फुटात ४० फ्रेम बसतात. म्हणजे १०० फुटी स्पूलमध्ये ४००० फ्रेम, आणि सेकंदाला २४ च्या गतीने त्या २ मिनिटं ४७ सेकंदांत संपतात. तेवढ्यात कॅमेऱ्याचा वेग, फोकस, एक्स्पोजर, चित्राची स्थिरता आणि प्रकाशाची गळती हे सगळं तपासायचं, तर एका शॉटने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. बागेतली फुलं आणि घरातलं मांजर रोलभर टिपून आणलं आणि चित्र मऊ (धूसर) आलं, तर दोष लेन्सचा, डोळ्याचा की गेटमध्ये (लेन्समागच्या ज्या चौकटीत फिल्मवर चित्र उमटतं तिथे) फिल्म सपाट न बसल्याचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

इथली पद्धत बोलेक्स एच१६, क्रास्नोगोर्स्क-३, बेल अँड हॉवेल फिल्मो ७० अशा, स्प्रिंगला चावी देऊन चालवायच्या कॅमेऱ्यांना धरून आहे. चावीच्या ८ मि.मी. कॅमेऱ्यालाही तीच चालते, फक्त फुटाला ८० फ्रेम धरायच्या.

फिल्म विकत घेण्याआधी

झाकण उघडा आणि स्प्रॉकेटचे (फिल्म ओढणाऱ्या दातेरी चाकाचे) दात बघा. दात एकाच कडेला असतील तर एकेरी छिद्रांची फिल्म चालते आणि आज मुख्यतः तीच मिळते. दोन्ही कडांना दात असतील (बोलेक्स एच१६च्या सुरुवातीच्या मॉडेलांत तसे असतात) तर दुहेरी छिद्रांची फिल्मच लागते. एकेरी घातली तर कोऱ्या कडेवर दात चढतात आणि फिल्म चिरत जाते. गेटमधला पंजाही (छिद्रात शिरून फिल्म खेचणारा आकडा) याच नजरेने तपासा.

मग कॅमेरा रिकामाच चालवा. कित्येक वर्षं पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात ग्रीस घट्ट झालेलं असतं. चावी पूर्ण भरायची, १६ किंवा २४ वर ठेवून संपू द्यायची, असं आठ-दहा वेळा. आवाज एकसुरी यायला हवा. घरघर मध्येच चढत-उतरत असेल तर वेगाच्या गव्हर्नरला साफसफाई हवी आहे, आणि ती होईपर्यंत पुढच्या टेस्टला अर्थ नाही. रिकामा कॅमेरा ६४ वर पळवू नका. फिल्मचा भार नसताना यंत्रावर नको तेवढा ताण येतो.

गेट साफ करायला मऊ ब्रश, हाताने दाबायचा ब्लोअर आणि लाकडी टूथपिक पुरते. धातूचं काहीही आत घालू नका. गेटवर उठलेला एक बारीकसा ओरखडा पुढच्या प्रत्येक फुटावर उमटतो. चौकटीच्या कोपऱ्यांत इमल्शनचे (फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थराचे) वाळलेले कण चिकटलेले असतात, ते टॉर्च तिरका धरल्याशिवाय दिसत नाहीत.

डमी फिल्म: अर्धी टेस्ट इथेच होते

पंधरा-वीस फूट वाया गेलेली कोरी फिल्म मिळवा. मुदत उलटलेली चालते. जुनी धुतलेली प्रिंट नको, ती आकसलेली असते आणि छिद्रांचं अंतर बदललेलं असतं. ही फिल्म उजेडात, झाकण उघडं ठेवून बसवण्याचा सराव करा. गेटच्या वर आणि खाली फिल्मचा जो सैल बाक असतो तो लूप. स्प्रॉकेट फिल्म सलग ओढतं, पंजा मात्र एकेक फ्रेम झटक्याने खेचतो. दोघांमधली ती उसंत म्हणजे लूप. तो सुटला की चित्र उभं ओघळतं, आणि आवाजही बदलतो. एकसारखी गुरगुर जाऊन कट-कट-कट सुरू होतं. हा आवाज डमीवर मुद्दाम लूप आखडून एकदा ऐकून ठेवा, म्हणजे खऱ्या रोलवर लगेच बोट काढाल. लूप आपोआप बनवणाऱ्या पट्ट्या असतील तर फिल्म ओवल्यावर त्या उघडल्या आहेत ना, हे झाकण लावण्याआधी बघा. क्रास्नोगोर्स्क-३ मध्ये याच पट्ट्या फिल्मला घासतात अशी जुनी तक्रार आहे. बरेच जण त्या काढूनच टाकतात आणि लूप हाताने करतात.

आता वेग मोजा. गेटच्या वरच्या कडेशी फिल्मवर मार्करने रेघ ओढा. कॅमेरा २४ वर ठेवून घड्याळ लावून बरोबर १० सेकंद चालवा, थांबवा, त्याच जागी दुसरी रेघ ओढा. दोन रेघांमधलं अंतर शिवणकामाच्या टेपने मोजा. १० सेकंदांत २४० फ्रेम म्हणजे ६ फूट, सुमारे १८२.५ सें.मी. भरायला हवेत. एक फ्रेम साधारण ७.६ मि.मी. ची, त्यामुळे हिशोब सोपा आहे: १० सेकंदांत ७.६ सें.मी. कमी भरले तर वेग सेकंदाला एक फ्रेमने कमी. १७५ आले तर कॅमेरा २३ वर चालतोय. हे मोजमाप तीनदा घ्या: चावी पूर्ण भरल्यावर, अर्धी संपल्यावर आणि अगदी शेवटी. शेवटी वेग पडत असेल तर चावी संपेपर्यंत शॉट ताणायचा नाही, एवढं तरी आधीच कळतं.

ओरखड्यांचा शोधही डमीवरच घ्या. थोडी फिल्म चालवून थांबवा, झाकण उघडा आणि फिल्म जिथे जिथे कशाला टेकते (वरचं स्प्रॉकेट, गेटचं तोंड, गेटचा शेवट, खालचं स्प्रॉकेट) तिथे वेगवेगळ्या खुणा करा. फिल्म हलक्या हाताने बाहेर काढा, टॉर्चखाली तिरकी धरा. सलग उभी रेघ ज्या खुणेपासून सुरू होते, तिथेच दोषी भाग आहे. बहुतेकदा प्रेशर प्लेटवरचा (फिल्म गेटवर दाबून धरणाऱ्या पट्टीवरचा) कण निघतो.

मीटरवर कोणता आकडा

एक्स्पोजरचा वेळ शटरच्या कोनावर (फिरत्या शटरचा जेवढा भाग उघडा असतो त्यावर) ठरतो. आधी ३६० ला फ्रेमच्या गतीने गुणायचं, आणि त्या गुणाकाराने कोनाला भागायचं. क्रास्नोगोर्स्क-३ चं शटर १५० अंशांचं, म्हणजे २४ वर साधारण १/६० सेकंद. रिफ्लेक्स बोलेक्सचं (ज्यात लेन्समधूनच बघता येतं) १३० अंशांचं, म्हणजे १/६६. पण त्यात प्रिझम काही उजेड व्ह्यूफाइंडरकडे वळवतो, म्हणून मीटरवर १/८० लावायचं. सिने मोडवरचे मीटर १८० अंश, म्हणजे १/४८ गृहीत धरतात. त्यावर विसंबून रिफ्लेक्स बोलेक्सने चित्रण केलं तर निगेटिव्ह पाऊण स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी एक्स्पोज होते, आणि दोष मात्र जुन्या लेन्सच्या माथी मारला जातो.

कॅमेऱ्यातल्या मीटरवर जाऊ नका. जुने मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे. त्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की काटा हलतो खरा, पण खोटं बोलतो. हातातला मीटर घ्या.

फिल्म कोडॅकची ५०डी (दिवसाच्या उजेडाची, संवेदनशीलता ५०) घ्या. ५००टी (बल्बच्या उजेडाची, संवेदनशीलता ५००) स्वस्त मिळाली तरी टेस्टसाठी नको. भर उन्हात एफ १६ वरही ती तीन स्टॉपहून जास्त उजेड घेते, आणि बऱ्याच जुन्या लेन्सचं अ‍ॅपर्चर त्याखाली फारसं जात नाही.

खरा रोल

मंद उजेडात बसवा. डेलाइट स्पूल असलं तरी उन्हात उघडायचं नाही. वेटोळं सैल होऊ नये म्हणून बोट स्पूलवर दाबून ठेवा, सैल झालं की कडांतून उजेड आत झिरपतो. इमल्शन लेन्सच्या बाजूला. एक-दोन फूट झाकण उघडं ठेवून चालवा, दोन्ही लूप जागेवर राहतात का बघा. मग झाकण लावून काउंटर शून्यावर येईपर्यंत पुढे चालवा. तेवढा भाग उजेडाने गेलेलाच असतो.

प्रत्येक शॉटआधी चावी पूर्ण भरा. प्रत्येक शॉटमध्ये एक कागद दिसू द्या. त्यावर शॉट क्रमांक, लेन्स, स्टॉप आणि गती जाड अक्षरात लिहा. वही वेगळी ठेवाच, पण वही हरवते, फ्रेममधला कागद हरवत नाही.

पहिला शॉट घड्याळाचा. सरकता सेकंदकाटा असलेलं मोठं घड्याळ, कॅमेरा ट्रायपॉडवर, आणि पूर्ण भरलेली चावी संपेपर्यंत एकच सलग शॉट. बोलेक्सवर तो सुमारे २८ सेकंद चालतो आणि १७ फूट खातो. महाग वाटतो, पण पुढे स्कॅनवर काट्याच्या दर पाच सेकंदांतल्या फ्रेम मोजल्या की वेगाचा पूर्ण आलेख हातात येतो.

नंतर एक्स्पोजर. मोकळ्या सावलीत, उन्हापासून दूर, एका माणसाच्या हातात १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड द्या. ५०डी ला अशा सावलीत साधारण एफ ५.६ येतो, आणि जागा मुद्दाम तशीच शोधायची, कारण मग दोन्हीकडे तीन-तीन स्टॉप मिळतात: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. प्रत्येकी ५ सेकंद, म्हणजे ३ फूट; सात शॉटचे २१. रिंग नेहमी एकाच दिशेने फिरवत आणा. जुन्या रिंगांत ढिलेपणा असतो, आणि ८ वर वरून आलात की खालून, यावर पात्यांची जागा बदलते. पुढे मात्र ही दिशा कायमची पाळावी लागते.

फोकसचे शॉट प्रत्येक लेन्सचे दोन, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. उन्हात ते जमत नाही, सावलीत एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी राखाडी काच) लावून घ्या. आधी डायॉप्टर (व्ह्यूफाइंडर आपल्या डोळ्याला जुळवायचं भिंग): लेन्स दूर, अस्पष्ट ठेवून ग्राउंड ग्लासचे (व्ह्यूफाइंडरमधल्या खरबरीत काचेचे) कण स्वच्छ दिसेपर्यंत फिरवा. टेबलावर मोजपट्टी कॅमेऱ्यापासून दूर जाईल अशी लांब पसरा आणि फिल्म प्लेनच्या खुणेपासून (आडव्या रेघेने छेदलेलं वर्तुळ) दीड मीटरवर एक उभं कार्ड ठेवा. पहिला शॉट लेन्सवरच्या आकड्याने फोकस करून, दुसरा फक्त डोळ्याने. आकड्याचा नेमका आणि डोळ्याचा चुकलेला आला तर दोष ग्राउंड ग्लास किंवा डायॉप्टरचा. डोळ्याचा नेमका आणि आकड्याचा चुकलेला आला तर लेन्सची बैठक किंवा तिची मोजपट्टी सरकलेली. दोन्ही सारखेच चुकले असतील तर फिल्मच तिच्या जागी बसत नाही, प्रेशर प्लेट बघा. रिफ्लेक्स बोलेक्सवर ५० मि.मी. आणि त्याखालच्या लेन्स आरएक्स खुणेच्या (त्या प्रिझमसाठीच बनवलेल्या) हव्यात. साध्या सी-माउंट लेन्स प्रिझममधून, अ‍ॅपर्चर उघडं असताना, मऊच दिसतात. तो बिघाड नव्हे.

स्थिरतेसाठी बारीक चौकटींचा कागद भिंतीवर, कॅमेरा घट्ट, १० सेकंद. शटरच्या जुळणीसाठी अंधाऱ्या खोलीत एक छोटा उघडा बल्ब, ५ सेकंद. बल्बला वर किंवा खाली उजेडाची शेपटी फुटली तर फिल्म सरकत असताना शटर उघडं राहतंय. वेगवेगळ्या गतींचे शॉटही हवेत: १२ वर एक स्टॉप बंद, ४८ वर एक उघडा, ६४ वर साधारण दीड.

गळतीचा शॉट सगळ्यात स्वस्त. कुठलंही चित्र २ सेकंद घ्या, थांबा, लेन्सवर टोपी लावा. टरेटची (लेन्स बसवायच्या फिरत्या चकतीची) रिकामी भोकंही बुजवलेली हवीत आणि आयपीसचं शटर बंद. आता कॅमेरा उन्हात सहाही बाजूंनी एकेक मिनिट फिरवून ठेवा. मग टोपी न काढता दोन फूट चालवा. चित्र संपून काळं सुरू होतं ती फ्रेम तेव्हा गेटमध्ये होती. डाग तिथून किती फ्रेम पुढे-मागे आहे ते मोजून डमीवर तेवढ्याच फ्रेम मोजल्या की फट कुठे आहे तिथे बोट ठेवता येतं. कलर निगेटिव्हच्या स्कॅनवर नारिंगी-तांबडा डाग म्हणजे उजेड फिल्मच्या पाठीकडून आला.

एवढ्याने ७५-८० फूट जातात. उरलेल्यात मांजर घ्या.

लॅबला काय सांगायचं

डब्यावर फिल्मचा क्रमांक, लांबी, ‘कॅमेरा टेस्ट’ आणि ‘नॉर्मल प्रोसेस’ लिहा. स्कॅन करताना दोन गोष्टी स्पष्ट मागा. एक, शॉटनिहाय रंग किंवा उजेड दुरुस्त करू नये, सगळा रोल एकाच सेटिंगवर. तसं सांगितलं नाही तर स्कॅन करणारा तुमचे सातही एक्स्पोजर प्रेमाने सारखे करून देतो आणि २१ फूट पाण्यात. दुसरी, छिद्रांसकट पूर्ण रुंदीचा स्कॅन. चौकटींचा कागद हलतोय पण छिद्रं जागेवर असतील तर दोष कॅमेऱ्याचा, दोन्ही एकत्र हलत असतील तर स्कॅनरचा.

शॉट सुरू होताना पहिली एक-दोन फ्रेम उजळ येतात, कारण यंत्र वेग पकडत असतं. ते चालायचंच. तीच उजळी शॉटच्या मधे लयीत येत-जात असेल तर गव्हर्नर.

कॅमेरा ठेवून देताना चावी पूर्ण सोडा. टेस्टमध्ये निघालेले आकडे (२४ वरचा खरा वेग, प्रत्येक लेन्सची फोकसमधली चूक, मीटरवर लावायचा वेळ) एका चिठ्ठीवर लिहून ती पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.