लिंक्डइनवर आपलं कोणाला काय दिसतं, आणि ते आपल्या हातात कसं ठेवायचं

एका रात्री झोप लागत नव्हती म्हणून मी फोन घेतला, लिंक्डइन उघडलं, पाच-सात मिनिटं पोस्टी चाळल्या आणि फोन उशीखाली ठेवला. सकाळी एका जुन्या ग्राहकाचा मेसेज आला होता : ‘काल पावणेबाराला ऑनलाइन दिसलात. माझ्या निरोपाला उत्तर द्यायला मात्र वेळ नाही.’ त्यांचा निरोप मी उघडलाही नव्हता. नावाशेजारच्या हिरव्या ठिपक्यावरून त्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी मी दोन तास बसून एकेक सेटिंग उघडून पाहिलं, आणि लक्षात आलं की ठिपका ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट आहे. आपल्याबद्दल जास्त बोलणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा मुळात चालूच असतात.

व्यावसायिक साइटवर हे जास्त जपायला हवं. इथे आपले वरिष्ठ, सहकारी, ग्राहक, जुने मालक आणि उद्या नोकरी देऊ शकणारे लोक एकाच खोलीत बसलेले असतात. एकाला सांगितलेलं दुसऱ्याच्या कानावर जातंच.

खाली मेनूंची नावं इंग्रजी स्क्रीनवर दिसतात तशी दिली आहेत. संगणकावर वरच्या पट्टीतल्या ‘मी’ या चित्रावर क्लिक करा, ‘सेटिंग्ज अँड प्रायव्हसी’ उघडा. मोबाइलवर आपल्या फोटोवर टॅप केलं की तोच पर्याय मिळतो. आपलं बहुतेक काम तिथल्या ‘व्हिजिबिलिटी’ या विभागात आहे. मेनूंची जागा अधूनमधून बदलते, त्यामुळे एखादी गोष्ट सांगितलेल्या जागी नसेल तर सेटिंग्जमध्ये तिच्या नावाने शोधा.

पहिलं काम हिरव्या ठिपक्याचं

ठिपके दोन प्रकारचे असतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. भरीव हिरवा ठिपका म्हणजे ती व्यक्ती आत्ता लिंक्डइनवर आहे. मधोमध पांढरा असलेला हिरवा ठिपका म्हणजे ती आत्ता तिथे नाही, पण तिच्या फोनवर सूचना चालू आहेत, मेसेज केला तर लगेच कळेल. म्हणजे ॲप बंद करून तुम्ही जेवायला बसलात तरी समोरच्याला तुम्ही ‘हाताशी’ आहात असंच दिसतं. वाद होतात ते बहुतेक या दुसऱ्या ठिपक्यावरून.

‘व्हिजिबिलिटी’मध्ये खाली ‘मॅनेज ॲक्टिव्ह स्टेटस’ आहे. तिथे तीन पर्याय मिळतात : कोणालाही नको, फक्त माझ्या कनेक्शन्सना (म्हणजे लिंक्डइनवर आपण जोडून घेतलेल्या लोकांना), किंवा लिंक्डइनवरच्या सगळ्यांना. ‘नो वन’ निवडलं की ठिपका गेला. बदल्यात तुम्हालाही इतरांचे ठिपके दिसणं बंद होतं.

ही अट लक्षात ठेवा, कारण या साइटवर पुढेही ती वारंवार भेटते : जे लपवाल, ते इतरांचंही दिसणार नाही. मला हा सौदा न्याय्य वाटतो. दुसरा कधी ऑनलाइन येतो हे बघत बसण्यात मला काही मिळत नव्हतं, म्हणून मी ठिपका कायमचा बंद केला. तुमचं काम भरतीचं किंवा विक्रीचं असेल आणि समोरचा जागेवर आहे हे बघूनच तुम्ही मेसेज टाकत असाल, तर ‘फक्त कनेक्शन्स’ हा मधला मार्ग बरा.

ठिपका गेला म्हणजे तुम्ही अदृश्य झालात असं मात्र नाही. तुम्ही कुठे कमेंट केलीत तर ती किती वेळापूर्वीची आहे हे तिच्याशेजारी लिहिलेलं असतं. निरोप वाचल्याची खूणही वेगळी आहे, ती ठिपक्याबरोबर बंद होत नाही. तिच्यासाठी ‘डेटा प्रायव्हसी’ विभागात जा आणि ‘रीड रिसीट्स अँड टायपिंग इंडिकेटर्स’ बंद करा. वाचल्याची खूण आणि ‘टाइप करत आहे’चे हलणारे ठिपके यांना एकच बटण आहे, वेगवेगळं बंद करता येत नाही. इथेही तोच सौदा : तुम्ही बंद केलंत की समोरच्याने वाचलं का हे तुम्हाला कळणार नाही.

नोकरी शोधत असाल तर इथे थांबा

माझ्या माहितीतल्या एका मुलीने एका रविवारी बसून प्रोफाइल नीट केलं. जुन्या नोकरीची तारीख दुरुस्त केली, दोन नवीन जबाबदाऱ्या लिहिल्या, एक प्रमाणपत्र जोडलं. सोमवारी सकाळी टीममधल्या एकाने सहज विचारलं, ‘काय, कुठे बघतेयस का?’ तिने घरीसुद्धा अजून काही सांगितलेलं नव्हतं.

प्रोफाइलमधल्या काही बदलांची बातमी साइट आपल्या ओळखीच्या लोकांना देते : नोकरीतला बदल, शिक्षणातला बदल, नोकरीची वर्षपूर्ती. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी बातमी बंद करा, मग प्रोफाइलला हात लावा.

1. ‘व्हिजिबिलिटी’मध्ये ‘शेअर प्रोफाइल अपडेट्स विथ युवर नेटवर्क’ शोधून बंद करा.
2. नोकरीची नोंद भरताना किंवा दुरुस्त करताना त्याच चौकटीत ‘नोटिफाय नेटवर्क’ असं वेगळं बटण येतं. सेव्ह करण्याआधी तेही बंद आहे ना, बघा.
3. आता निवांत बदल करा.

बातमी बंद केली म्हणजे बदल लपला असं होत नाही. जो तुमचं प्रोफाइल उघडेल त्याला नवीन मजकूर दिसणारच, फक्त दवंडी पिटली जाणार नाही. म्हणून एका रात्रीत सगळं प्रोफाइल चकाचक करण्यापेक्षा वर्षभर थोडंथोडं अद्ययावत ठेवलेलं बरं. मग नोकरी शोधायच्या आठवड्यात कोणाचं लक्ष वेधेल असं काही करावंच लागत नाही.

‘ओपन टु वर्क’, म्हणजे आपण नोकरी शोधतोय हे कळवण्याचा पर्यायही याच सुमारास डोळ्यांपुढे येतो. त्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘ऑल लिंक्डइन मेंबर्स’ निवडलंत तर फोटोभोवती 2020पासून दिसणारी ती हिरवी चौकट येते, साहेबांसकट सगळ्यांना दिसते. ‘रिक्रूटर्स ओन्ली’ निवडलंत तर लिंक्डइनचं भरतीसाठीचं सशुल्क साधन वापरणाऱ्यांनाच ते कळतं. तुमच्याच कंपनीच्या भरती विभागाला ते दिसू नये याची लिंक्डइन काळजी घेतं, पण पूर्ण खात्री देता येत नाही असं तेच सांगतं. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अनेक कंपन्या भरतीचं काम बाहेरच्या एजन्सीला देतात. त्या एजन्सीतला माणूस तुमच्या कंपनीचा नसतो, त्यामुळे त्याला तुमची नोंद दिसू शकते. त्याने ती तुमच्या साहेबांच्या कानावर घातली तर कोणतंही सेटिंग आड येणार नाही. घरखर्च त्या पगारावर चालत असेल तर मी म्हणेन, हा पर्याय वापरू नका. ओळखीच्या दोन-तीन लोकांना थेट, स्वतः लिहा.

कोणाचं प्रोफाइल पाहिलंत हे त्याला कळतं

मुलाखतीआधी समोर कोण बसणार हे बघणं रास्तच आहे. तरी एकाच माणसाच्या पानावर तीनदा गेलात तर ते त्याच्या यादीत दिसतं, आणि मग अवघडल्यासारखं होतं. ‘व्हिजिबिलिटी’मध्ये ‘प्रोफाइल व्ह्यूइंग ऑप्शन्स’ उघडा. तीन पर्याय दिसतील : पूर्ण नाव आणि ओळख, अर्धवट ओळख, आणि ‘प्रायव्हेट मोड’.

अर्धवट ओळखीवर विसंबू नका. त्यात नाव जात नाही, पण तुमचा हुद्दा, कंपनी किंवा क्षेत्र यांतलं काहीतरी जातं. हजारो माणसांच्या कंपनीत ते खपून जाईल. बारा जणांच्या कंपनीत ‘या कंपनीतले अकाउंटंट’ एवढं म्हटलं की नाव सांगायला उरतं काय?

प्रायव्हेट मोडमध्ये नाव कोणालाही कळत नाही, पैसे भरून सदस्य झालेल्यालाही नाही. मात्र मोफत खातं असेल तर तुमचं प्रोफाइल कोणी पाहिलं ही यादी तुम्हालाही दिसेनाशी होते, आणि आधीची यादीही पुसली जाते. ती हवी असेल तर आधी पाहून घ्या, लागली तर नावं टिपून ठेवा. पैसे भरणाऱ्या सदस्यांना खासगी राहूनही ती यादी दिसते. एकतर्फी सोय विकत मिळते, एवढाच त्याचा अर्थ.

मी कायम खासगी राहत नाही. काम मिळावं म्हणून ज्यांच्याशी ओळख वाढवायची, त्यांच्या पानावर नावानिशी जाणं हा एक साधा नमस्कारच असतो. पाहायचं असेल पण दिसायचं नसेल, तेवढ्यापुरता मोड बदलते, आणि तो पान उघडण्याआधी बदलते.

वाचणं मूक असतं, बोट लावणं बोलतं

नुसती पोस्ट वाचलीत तर लिहिणाऱ्याला तुमचं नाव कळत नाही. त्याला एकूण किती जणांनी पाहिलं आणि ते साधारण कोणत्या कंपन्यांतले, कोणत्या हुद्द्याचे एवढाच गोषवारा मिळतो. पोस्ट सेव्ह केलीत तर ती नोंदही फक्त तुमच्यापुरती राहते. लाइक किंवा कमेंट केलीत की गोष्ट बदलते. ती तुमच्या ओळखीच्या लोकांच्या पानावर पोचू शकते आणि तुमच्या प्रोफाइलमधल्या ‘ॲक्टिव्हिटी’ भागात जमा होते. कोणीही तिथे जाऊन ‘कमेंट्स’, ‘रिॲक्शन्स’ असे कप्पे उघडून गेल्या काही महिन्यांचा तुमचा कल वाचू शकतो. प्रतिस्पर्धी कंपनीच्या पाच भरतीच्या पोस्टींना सलग अंगठा दिलेला असेल, तर हिरव्या चौकटीची गरजच काय?

सगळ्यात जास्त लोक फसतात ते जनमताच्या चौकटीत, म्हणजे पोलमध्ये. ‘तुम्ही या वर्षी नोकरी बदलणार का?’ असा प्रश्न, चार पर्याय, आणि निकाल टक्क्यांत दिसतो म्हणून मत गुप्त आहे असं वाटतं. तसं नाही. ज्याने पोल टाकला त्याला कोणी कोणता पर्याय निवडला हे नावानिशी दिसतं. तो पोल तुमच्या भरती विभागातल्या माणसाने टाकला असेल तर? हे माहीत झाल्यापासून मी पोलवर बोट ठेवण्याआधी तो कोणाचा आहे ते बघते.

झालेलं निस्तरायचं असेल तर प्रोफाइलवर ‘ॲक्टिव्हिटी’खालचं ‘शो ऑल’ उघडा आणि नको त्या प्रतिक्रिया, कमेंटी एकेक करून काढा. वेळ लागतो. शिवाय ज्याला सूचना आधीच गेली त्याने ती वाचली असेल, ती परत घेता येत नाही.

ओळखींची यादी आणि बाकीची दारं

‘व्हिजिबिलिटी’मध्येच ‘कनेक्शन्स’ आहे. ते चालू असेल तर तुमचे कनेक्शन्स तुमची सगळी यादी चाळू शकतात. विक्रीत किंवा सल्लागारीत असाल तर ती यादी म्हणजे तुमचा ग्राहकवर्गच, ती उघडी ठेवू नका. बंद केल्यावरही दोघांच्या सामाईक ओळखी दिसत राहतात, तेवढं धरून चाला.

तिथेच ईमेल कोणाला दिसावा तेही ठरवता येतं. आडनाव ओळखीबाहेरच्यांना पूर्ण न दाखवता नुसतं आद्याक्षर दाखवण्याची सोयही आहे. लिंक्डइनवर नसलेल्या माणसाला शोधयंत्रातून तुमचं पान किती दिसावं, हे ‘एडिट युवर पब्लिक प्रोफाइल’मध्ये ठरतं. तिथे भाग एकेक करून झाकता येतात, किंवा पूर्ण पानच बंद करता येतं. शोधयंत्रातली जुनी प्रत पुसायला काही आठवडे जाऊ शकतात, म्हणून हे काम गरज पडण्याआधी करा.

कोणी त्रासच देत असेल तर सेटिंग्जशी खेळत बसू नका, त्याच्या पानावरच्या ‘मोअर’मधून सरळ ब्लॉक करा. त्याला सूचना जात नाही. तुमचं कनेक्शन तुटतं, एकमेकांना दिलेल्या शिफारशीही जातात. पण सार्वजनिक पान उघडं असेल तर लॉगिन न करता तो ते पाहू शकतो, म्हणून ते दारही त्याच दिवशी लावा.

शेवटी बाहेरून पाहा

ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, लॉगिन न करता स्वतःचं नाव शोधा आणि जे दिसेल ते अनोळखी माणसाच्या नजरेने वाचा. मग विश्वासातल्या एखाद्या कनेक्शनला त्याच्या खात्यावरून तुमचं पान उघडायला सांगा : ठिपका दिसतो का, यादी उघडते का, ॲक्टिव्हिटीत काय आहे. आपल्या स्क्रीनवर आपण नेहमी ठीकठाकच दिसतो, चूक सापडते ती दुसऱ्याच्या स्क्रीनवर.

आणि ‘साइन इन अँड सिक्युरिटी’मध्ये ‘व्हेअर यू आर साइन्ड इन’ एकदा उघडा. खातं कोणकोणत्या यंत्रांवर उघडं आहे ते तिथे दिसतं. मी पाहिलं तेव्हा सोडून आलेल्या नोकरीतला संगणक त्या यादीत होता. वर सांगितलेली सगळी सेटिंग्ज लावून झाली होती, आणि माझं खातं मात्र त्या टेबलावर तसंच उघडं पडलं होतं. तिथेच ‘साइन आउट’ दाबलं, आणि लगोलग पासवर्डही बदलला.