पडून असलेली पोर्टेबल आरा मशीन घ्यायची? इंजिन नंतर पाहा, आधी दोरी लावा

नागपूरच्या लकडगंजात ज्यानं मोठ्या आरा मशीन पाहिल्या त्याला पोर्टेबल मशीन पहिल्यांदा खेळण्यासारखीच वाटते. मोठ्या मशीनमध्ये पट्टा जागेवर फिरतो आणि लाकूड ट्रॉलीवरून त्याच्याकडे ढकललं जातं, पोर्टेबलमध्ये उलटं, लठ्ठा म्हणजे ओंडका बेडवर आडवा पडून राहतो आणि इंजिन, दोन चाकं, ब्लेड असं सगळं हेड रुळावरून त्याच्या अंगावरून सरकत जातं. ब्लेड साधारण ३२ मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरभर जाडीचं, त्यामुळे एका कापात दोन-तीन मिलिमीटरचाच भुसा होतो, सागवानासारख्या महाग लाकडात हा हिशोब लय मोठा असतो. म्हणून लोक हौसेनं घेतात, आणि मग परवानगीत अडकतात, नाहीतर चालवणारा पोरगा काम सोडून जातो, आणि मशीन शेतात ताडपत्रीखाली दोन-तीन पावसाळे खाते. काटोल, उमरेड, कळमेश्वरकडे विचारत फिरलं की अशी एखादी सापडते.

मी आतापर्यंत तीन घेतल्या, एक घाट्यात, दोन बऱ्या. त्यातून जे कळलं ते एवढंच की या मशीनमध्ये दोनच गोष्टी दुरुस्त होत नाहीत, पिळलेला बेड आणि नसलेले कागद. बाकी बेअरिंग, बेल्ट, नटबोल्ट, होज पाईप सगळं इतवारीत लोहा ओळीत एक चक्कर मारली की मिळतं, नाही मिळालं तर हिंगणा एमआयडीसीत कुणीतरी लेथवर करून देतो. पण घेणारे काय करतात, गेले की आधी इंजिन पाहतात, सेल्फ मारतात, धूर पाहतात, चालू झालं की खुश. अरे बाप्पा, इंजिन तर बदलता येतं.

कागदांचं आधी सांगतो कारण टोकन द्यायच्या आधीच हे करायचं असतं. "पोर्टेबल आहे ना, मग लायसन लागत नाही" हे वाक्य तुम्हाला विकणारा हमखास ऐकवेल. त्याच्यावर जाऊ नका. जंगलतोडीवरच्या १९९६ च्या गोदावर्मन केसपासून आरा मशीनच्या मागे सुप्रीम कोर्ट लागलेलं आहे, २०१६ मध्ये केंद्रानं लाकडावर चालणाऱ्या उद्योगांसाठी गाईडलाइन्स काढल्या आणि मंजुरीसाठी राज्य पातळीवर समिती आली. आपण नागपूरवाले तसे नशीबवान, राज्याच्या वनखात्याचं मुख्यालयच सिव्हिल लाइन्समध्ये वनभवनात आहे, पण तुमचं काम तिथे नसतं, मशीन जिथे चालवणार त्या भागाच्या उपवनसंरक्षकांच्या ऑफिसात असतं. तिथे जाऊन मशीनचा फोटो आणि ब्लेडचं माप दाखवायचं, काय कापणार, कुठे कापणार ते सांगायचं आणि उत्तर लेखी मागायचं. विकणाऱ्याकडे परवाना असला तरी तो मशीनसोबत पोत्यात घालून आपल्याकडे येत नाही हे डोक्यात ठेवा.

अजून एक, मशीन कुठल्या केसमधली तर नाही ना हे विचारा. १९२७ च्या वन कायद्यात गुन्ह्यात वापरलेली अवजारं जप्त करता येतात. गावात चहाच्या टपरीवर दोन माणसांना विचारलं तरी कळतं, विकणारा सांगणार नाही पण टपरीवाला सांगतो. मूळ बिल, मशीनवरच्या प्लेटचा नंबर, विकणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स आणि स्टँपपेपरवर साधी विक्री पावती, एवढं तरी पाहिजेच. बिलावरचा नंबर आणि प्लेटवरचा नंबर जुळवून पाहा, प्लेटच काढून टाकलेली असेल तर मी तरी परत येतो.

आता पाहायला जाताना काय न्यायचं. मिस्त्रीची लाइनदोरी, जाड नको, बारीक नायलॉनची. जाडी मोजायचा व्हर्निअर, टेप, एक फूटभर लांबीची सरळ लोखंडी पट्टी, गवंडी वापरतात तो पाण्याचा लेव्हल पाईप, टॉर्च, वायर ब्रश, जुना स्क्रूड्रायव्हर, एक जॅक आणि लाकडाचे ठोकळे. सकाळी जा. मे महिन्यात तर सात वाजताच, अकरानंतर त्या लोखंडाला हात लावता येत नाही आणि माणूस कंटाळून "ठीक आहे घेऊन टाकू" म्हणतो. विकणाऱ्याला आधीच सांगा की मी यायच्या आधी इंजिन चालू करू नका, आणि गेल्या गेल्या इंजिनवर, सायलेन्सरवर हात ठेवा, गरम लागलं तर समजा की थंड असताना स्टार्ट व्हायचा त्रास आहे. मागे एका काकांना मी म्हटलं, काका गरम आहे. ते म्हणाले, "ऊन लागलं असन जी." सकाळी पावणेआठला, आंब्याच्या सावलीत!

कव्हर उघडायच्या आधी काठीनं ठोका. गंमत नाही, एका मशीनच्या चाकाच्या कव्हरमध्ये गांधीलमाश्यांचं पोळं होतं, दुसरीच्या खाली कात टाकलेली होती, ज्यानं टाकली तो कुठे होता माहीत नाही. उंदीर वायरिंग खातात ते वेगळंच.

मग बेड. इथे एक तास घालवायचा, कुणी हसू दे. आधी मशीन सरळ बसवायची, कारण मऊ जमिनीत एक पाय खचला तरी बेड पिळलेला दिसतो. पाण्याच्या पाईपनं चारही कोपऱ्यांची लेव्हल पाहून, जॅक लावून, खाली ठोकळे देऊन सारखं करा. हेड एका टोकाला न्या. आता लठ्ठा ज्या आडव्या पट्ट्यांवर बसतो त्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या पट्टीच्या टोकांना दोऱ्या बांधायच्या, तिरप्या, म्हणजे एक या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आणि दुसरी उलटी. मधोमध दोन्ही दोऱ्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. मध्ये फट दिसली तर बेडला पीळ आहे. फट नसेल तरी लगेच खुश होऊ नका, खालची दोरी वरचीला दाबत असू शकते, म्हणून वरची सोडून खालून घ्या आणि परत पाहा, दोन्ही वेळा नुसतं टेकणं दिसलं तरच बेड सरळ. चार-पाच मिलिमीटरची फट असेल आणि जॅक वरखाली केल्यावर जात असेल तर काही नाही, तो जमिनीचा दोष. जॅक काही केला तरी जात नसेल तर फ्रेम पिळली आहे, बहुतेक वेळा वरून जड लठ्ठा आपटल्यानं, नाहीतर ट्रकमधून उतरवताना. नंतर रुळाच्या बाजूनं लांबीत एक दोरी ताणा आणि पोट आलंय का पाहा. वेल्डिंगचे जोड वायर ब्रशनं घासून टॉर्चनं पाहा, गंजाची बारीक सरळ रेघ दिसली तर ती तडा असते. आणि जिथे सगळी मशीन गंजलेली पण एकाच ठिकाणी ताजा रंग, तिथे जास्तच घासा.

माझी पहिली मशीन मी दोरी न लावता घेतली. इंजिन एका झटक्यात चालू झालं होतं, मी तिथेच विरघळलो. घरी आणली, नवीन ब्लेड टाकलं, नऊ फुटी निंबाचा लठ्ठा कापला तर फळी एका टोकाला एक इंच आणि दुसऱ्या टोकाला सव्वा इंचाच्या वर. मला वाटलं ब्लेड खराब, दुसरं टाकलं, मग ब्लेडला सरळ धरणारे गाईड बदलले, मग बेअरिंग, असे आठवडेच्या आठवडे गेले आणि पैसे गेले ते वेगळे. शेवटी एक म्हातारे फिटर आले, त्यांनी खिशातून दोरी काढली आणि पाच मिनिटांत म्हणाले, "बेटा, हे लाकूड नाही वाकडं कापून राहिलं, तुझी खाटच वाकडी आहे." इंजिन आणि हेड वेगळं विकलं. बेड अजून अंगणात आहे, उन्हाळ्यात त्यावर पत्रा टाकून आई कुरड्या वाळवते.

हेडमध्ये दोन चाकं असतात आणि बऱ्याच मशीनमध्ये त्यांच्यावर व्ही बेल्टसारखा रबरी पट्टा चढवलेला असतो, ब्लेड त्याच्यावर चालतं. तो झिजून चाकाच्या लोखंडाच्या पातळीला आला की ब्लेड लोखंडाला लागतं, जागा सोडतं आणि तडकायला लागतं. मशीन टाकून देणाऱ्यानं ब्लेडचं टेन्शन सैल केलं नसेल, आणि कुणीच करत नाही, तर रबरावर दबलेला खड्डा दिसेल. रबर स्वस्त आहे, घाबरू नका, पण भाव करताना दाखवा. चाक हातानं हलवून पाहा, खेळ लागला तर बेअरिंग. फिरवताना स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाला लावा, रेती भरडल्यासारखा आवाज आला तर तेच. बेअरिंगवरचा नंबर लिहून घ्या, त्या नंबरचं दुकानात मिळतं, कंपनीचाच पार्ट पाहिजे असं नसतं. पण चाकच वाकलेलं असेल, म्हणजे एका जागी खडू धरून चाक फिरवल्यावर खडू थोड्याच भागाला लागला आणि बाकी सुटला, तर खर्च वाढला.

गाईडचे रोलर जाम असतील तर बदलावे लागतात, ब्लेडची पाठ आणि रोलरची कड यात दोन-तीन मिलिमीटरची जागा असते, ती पाठ सतत घासली असेल तर कडेला खाच पडलेली दिसते. ती लोखंडी पट्टी यासाठीच आणलीये: ब्लेड ताणून दोन रोलरच्या मध्ये ब्लेडला काटकोनात, म्हणजे रुळाच्या दिशेनं, सपाट चिकटवून धरा आणि दोन्ही टोकांचं बेडपासूनचं अंतर मोजा, सारखं आलं पाहिजे.

इंजिनवर थोडक्यात. किर्लोस्कर, ग्रीव्ह्जसारखं डिझेल असेल तर शेतीपंपांमुळे मेकॅनिकही मिळतो आणि पार्टही. परदेशी इंजिन असेल तर भाव करायच्या आधी फिल्टर आणि इंजेक्टरची चौकशी करा. डिपस्टिकवर ऑइल दुधी दिसलं तर आत पाणी गेलंय. जाम असेल तर तिथे जोर लावायचा नाही, डिझेलचा इंजेक्टर किंवा पेट्रोलचा प्लग काढून आत थोडं ऑइल सोडायचं, रात्रभर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी हातानं फिरवायचं. पेट्रोलवालं असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर साफ केल्याशिवाय चालूच करू नका, हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि पडून पडून तळाशी चिकट राब जमतो. मोटरवाली असेल तर वायरमनकडून मेगर मारून घ्या, म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासून घ्या, पावसाळा खाल्लेल्या वाइंडिंगला सरळ थ्री फेज देऊ नका.

चालू होत असेल तर कापून पाहायचंच. सुबाभळीचा एखादा सरळ लठ्ठा मिळतो, शहरातलं रस्त्याकडचं झाड नको, जाहिरातीचे खिळे खोडात असतात आणि ब्लेडचे दात एका झटक्यात जातात. एक इंची फळी काढा आणि दोन्ही टोकं, मध्य, दोन्ही कडा व्हर्निअरनं मोजा. फळी लाटेसारखी आली तर ब्लेड बोथट, टेन्शन कमी किंवा गाईड, म्हणजे किरकोळ. एक कड जाड आणि एक बारीक तर हेड बेडला समांतर नाही, ॲडजस्ट होतं. टोकाकडे निमुळती होत गेली तर परत दोरी. आणि ब्लेड फिरताना समोर उभं राहायचं नाही, तुटलं तर कुठे जाईल सांगता येत नाही. गुंडाळलेलं जुनं ब्लेड उघडताना हातमोजे, चष्मा, आणि लेकरं लांब, ते सापासारखं उसळतं.

भाव कसा काढायचा तर उलटा. समजा दुरुस्त झाल्यावर अशी मशीन ४ लाखाला जाईल असं वाटतं, तर ३ लाख ६० हजारच धरा कारण घासाघीस होणारच. त्यातून पार्ट ७०, आणणं आणि हायड्रा क्रेन २५, मेकॅनिक २५, ब्लेड १५, न दिसलेला खर्च ४० आणि आपला नफा ६० हजार काढले की १ लाख २५ उरतात, तेवढंच द्यायचं. विकणारा म्हणेल नवीन कितीला येते माहीत आहे का. माहीत आहे, पण ही नवीन नाहीये ना काका. भंगाराचा भाव किलोनं आधीच काढून ठेवा, त्याच्या खाली तो जाणार नाही.

आणताना बेडची लांबी मोजून गाडी ठरवा, छोटा हत्ती टेम्पोत बसत नाही, बसवली तर मागून तीन फूट बाहेर लोंबते आणि बेड पिळायला तेवढं पुरतं. हेड बेडवरून काढून वेगळं बांधा. चाकं आहेत म्हणून गाडीला जोडून ओढत आणायचा विचार असेल तर ट्रेलरचं रजिस्ट्रेशन विचारा, नसेल तर गाडीतच.

विकायची असेल तर सगळीकडे चकाचक रंग मारू नका. घेणारा आपल्यासारखाच, त्याला ताजा रंग दिसला की शंका येते. गंज काढा, प्रायमर दिसू द्या, जुन्या बेअरिंग डब्यात ठेवून दाखवा, थंड इंजिन चालू करतानाचा आणि फळी मोजतानाचा व्हिडिओ काढा. घेणाऱ्याच्या परवानगीची झेरॉक्स आपल्याकडे ठेवा, उद्या चौकशी आली तर मशीन कुणाकडे गेली ते सांगता आलं पाहिजे. दोन चांगले ब्लेड सोबत द्या. आणि पैसे पूर्ण खात्यात आल्याशिवाय हायड्रा बोलावू नका, हायड्रावाल्याचं मीटर तासावर चालतं आणि मशीन हवेत लटकलेली असताना घेणारा म्हणतो, भाऊ अजून पाच कमी करा ना.